उजवी बाजू वर

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या मोठ्या मॉलमध्ये, बुटांच्या दुकानाला लागून, मिसेस ओकादांचं 'आओई' नावाचं कपड्यांचं दुकान होतं. आतला माल पाहून मराठी माणसाला वाटावं, शिंप्याचं आणि मालकिणीचं कडाक्याचं भांडण झालं आणि शिंपी काम अर्धवट टाकून पळाला. कोटाची एक बाही लांब, एक आखूड. स्कर्टची शिवण बाहेरून. गळा जिथे असायचा तिथे नाही, आणि बहुतेक सगळं काळंकुट्ट. शहाऐंशी साल होतं आणि तोकियोच्या नव्या डिझायनर मंडळींची अमेरिकेत चलती होती. घरच्या पडद्यावर एकही सुरकुती खपवून न घेणाऱ्या बायका इथे येऊन चुरगळलेले कोट हौसेने घेऊन जात. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसलाच प्रकार.

गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला असे. "याची पुढची बाजू कोणती?"

मिसेस ओकादांचं उत्तरही ठरलेलं. "तुम्हाला आवडेल ती."

वसुधा या दुकानात कामाला लागली तेव्हा हे उत्तर तिला फारच आवडलं होतं. सांगलीच्या घरात तिचं सगळं बालपण 'असं नाही, तसं' ऐकण्यात गेलेलं. इथे मात्र कुणी कोट उलटा घातला तरी मालकीणबाई मान डोलावून छान म्हणायच्या. जपानी कपड्याला उलट-सुलट नसतंच, असं तिने मनाशी पक्कं करून टाकलं. चूक झाली ती इथे, आणि पुढचं सगळं या चुकीतून आलं.

'असं नाही, तसं' म्हणणारे म्हणजे तिचे वडील, नाना. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून त्यांचा जन्म गेला. कोटाचं एक बटण तुटलेलं असेल तर ते कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायलासुद्धा जायचे नाहीत. अशा माणसाला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. पायजम्याची नाडी धाकटा मुलगा एकनाथ बांधू लागला, सदऱ्याची बटणं सून लावू लागली. नानांनी बोलणंच टाकलं. "भिंतीकडे तोंड करून पडतात गं ताई," एकनाथ फोनवर सांगायचा, आणि वसुधाचा जीव इकडे तीळ तीळ तुटायचा. जाणं शक्य नव्हतं. नवऱ्याची, चारुदत्तची, नोकरी विमानांच्या कंपनीत होती, दोघांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज मध्येच लोंबकळत होता आणि आता देशाबाहेर पाऊल टाकलंत तर सगळं मुसळ केरात, असं वकिलाने बजावून ठेवलं होतं.

दुकानात अगदी मागच्या फळीवर युकाता ठेवलेले असत. युकाता म्हणजे घरात घालायचा साधा सुती गाऊन. ना बटण, ना नाडी. एक बाजू दुसऱ्या बाजूवर घ्यायची आणि वरून पट्टा गुंडाळून खोचायचा. एका हाताने जमेल, तिच्या मनात आलं. गडद निळ्या रंगाचा, बारीक पांढऱ्या रेघांचा एक गाऊन तिने नानांसाठी घेतला. घरी आरशासमोर तो स्वतःच्या अंगावर घालून पाहिला आणि तिचे सगळे कोट जसे बंद व्हायचे तसाच तो बंद केला, उजवी बाजू वर. अमेरिकन दुकानातला बायकांचा कोट तसाच असतो. पुरुषांचा उलटा असतो हे तिला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी सुचलं नाही, इतकंच.

गाऊन नेला मालिनीकाकूंनी. गावातल्या मराठी मंडळींत काकूंचा मान मोठा. यजमान डॉक्टर, पहिल्या फळीत आलेले. पुतण्याच्या लग्नासाठी त्या मिरजेला निघाल्या होत्या. वसुधाने त्यांच्या दिवाणखान्यात स्वेटरवरूनच गाऊन चढवून प्रात्यक्षिक करून दाखवलं.

"काकू, नीट बघा हं. उजवी बाजू वर. मग पट्टा."

"अगं, मी डिलिव्हरी करायची आहे की ट्रेनिंग द्यायचंय?" काकू म्हणाल्या. पण त्यांनी पाहून घेतलं.

एवढ्यावर वसुधाचं समाधान होईना. तिने एकनाथलाही फोन केला. घरी फोन नव्हता. शेजारच्या नरेंद्र डॉक्टरांकडे लावायचा आणि त्यांनी खिडकीतून हाक मारायची.

"उजवी बाजू वर, एकनाथ. विसरू नकोस."

"पाठ झालं ताई. आता झोपेतसुद्धा म्हणेन."

जूनमध्ये काकू परतल्या त्या बातमी घेऊनच. नाना गाऊन घालून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसू लागले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगत होते, मुलीने जपानी गाऊन धाडलाय, राजासारखं वाटतं. नाडी कुणाला बांधावी लागत नव्हती. ते ऐकून वसुधाला इतका आनंद झाला की तिने त्या दिवशी विनाकारण श्रीखंडाचा घाट घातला, आणि इथल्या आंबट दह्याचं ते बिघडलं तरी दोघांनी वाटी चाटूनपुसून खाल्लं.

सप्टेंबरात नाना गेले. वसुधाला ते कळलं तेरावं उरकल्यावर.

शनिवारची सकाळ होती. चारुदत्तने टीव्ही बंद केला, तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि सांगितलं. एकनाथने त्याला ऑफिसात फोन केला होता, नाना गेले त्याच दिवशी. मेव्हण्या-मेव्हण्यांनी ठरवलं, ती येऊ शकत नाही, इथे एकटी ऊर बडवत बसेल, त्यापेक्षा सगळं पार पडल्यावर सांगू.

"तुझ्यासाठीच केलं गं," तो म्हणाला. "आय मीन, काय केलं असतंस तू इथे बसून?"

मधल्या रविवारी दोघं सफरचंदं तोडायला मळ्यात गेली होती, ते वसुधाला आठवलं. झाडाखाली टोपली घेऊन उभी राहा, हस, असं म्हणून चारुदत्तने तिचा फोटो काढला होता. ती हसली होती. त्याला तेव्हा ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता, आजही नाही. फक्त रडणाऱ्या बायकोसमोर बसण्यापेक्षा गप्प राहणं त्याला सोपं वाटलं, आणि त्या सोपेपणाला त्याने काळजी असं नाव दिलं. पुष्कळ पुरुष असंच करतात.

तिने मालिनीकाकूंना विचारलं, आता काय करायचं असतं.

"लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सूतक," काकू म्हणाल्या. "पण आता तेरावंसुद्धा होऊन गेलं गं बाळा. डोक्यावरून आंघोळ कर, झालं."

तिने डोक्यावरून आंघोळ केली. पाणी गरम होतं. शांपू संपत आलाय, आणायला हवा, एवढंच मनात आलं. डोळ्यांत टिपूस नाही. सोमवारी ती कामावर गेली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले म्हणाल तर गेले. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं तिला सगळ्या अंगभर झालं होतं. भाजीत मीठ पडलं की नाही हे चारुदत्तने सांगितल्यावर कळायचं. फ्रीवेवर आपलं वळण मागे पडलं हे दोन वळणं गेल्यावर कळायचं. दुकानात बायका आरशासमोर गिरक्या घ्यायच्या आणि ती छान छान म्हणायची. नाना गेले हे तिने मिसेस ओकादांना सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर बाईंनी कधी म्हणून विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे सफरचंदाच्या मळ्यापर्यंत जावं लागलं असतं. त्यापेक्षा कोटांच्या घड्या घालणं बरं.

नोव्हेंबर आला. ख्रिसमससाठी दुकानाची दर्शनी खिडकी सजवायची वेळ झाली. दर वर्षी हे काम मिसेस ओकादा स्वतः करायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. यंदा त्या पायरीवरून घसरल्या आणि मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. म्हणून खिडकी वसुधाकडे आली. बाईंनी सांगितलं, एकीकडे काळे कोट आणि दुसरीकडे युकाता, नवऱ्याला भेट द्यायला लोक हौसेने नेतात.

वसुधाने पुरुषाचा पुतळा उभा केला. त्याला निळा गाऊन चढवला. नानांना पाठवला होता त्याच रंगाचा होता, पण तिला त्याचंही काही वाटलं नाही. उजवी बाजू वर घेतली, पट्टा गुंडाळला, मागे सरून पाहिलं. छान दिसत होतं.

मिसेस ओकादा कॉफी घेऊन मॉलमधून येत होत्या. काचेबाहेर त्या थबकल्या. कॉफी तिथल्या बाकावरच ठेवून, वय विसरून, जवळजवळ धावत आत आल्या आणि खिडकीत चढल्या. चांगल्या हाताने त्यांनी पट्टा ओढून सोडवला, गाऊन उघडला, डावी बाजू वर घेतली आणि प्लॅस्टरच्या हाताने ती दाबून धरली. मग बाहेर पाहिलं, कुणी पाहत तर नाही ना.

"सॉरी," वसुधा म्हणाली. "मला वाटलं, कसंही चालतं."

"कोट कसाही चालतो. हे नाही चालत." बाई कधी आवाज चढवत नसत, आत्ताही चढवला नाही. "डावी बाजू वर. बाई असो, पुरुष असो, मूल असो. नेहमी."

"आणि उजवी वर घेतली तर?"

"ते फक्त मेलेल्या माणसाला. आम्ही त्याला शेवटचे कपडे घालतो ना, तेव्हा. जिवंत माणसाला कुणी घालत नाही." मग तिचा चेहरा पाहून त्यांनी समजावलं, "तिकडचं सगळं इकडच्या उलट असतं, म्हणून."

समजावायची गरज नव्हती. वसुधाला जितकं चटकन कळलं तितकं बेलव्ह्यूतल्या एकाही गिऱ्हाइकाला कळलं नसतं. दर वर्षी आजीच्या श्राद्धाला नाना पाटावर बसायचे, गुरुजी म्हणायचे 'अपसव्य', आणि नाना डाव्या खांद्यावरचं जानवं उजव्या खांद्यावर घ्यायचे. देवाचं असेल तेव्हा सव्य, गेलेल्यांचं असेल तेव्हा अपसव्य. लहानपणी तिळाची वाटी हातात घेऊन उभं राहून हे तिने पाहिलेलं. एकदा जेवायला बसताना नाना जानवं परत डावीकडे घ्यायला विसरले होते, तेव्हा केवढे चरकले होते. ताट बाजूला सारून आधी जानवं नीट केलं होतं.

आणि त्यांना तिने सांगून ठेवलं होतं, उजवी बाजू वर. काकूंकरवी सांगितलं, फोन करून सांगितलं, विसरू नकोस म्हणून सांगितलं. जित्याजागत्या बापाला तिने मेलेल्याचा वेष धाडला, आणि ते तो घालून व्हरांड्यात बसले, राजासारखं वाटतं म्हणाले, आणि मेले.

तिने खिडकीचं उरलेलं काम संपवलं. बाईंची कॉफी बाकावरून आणून दिली. घरी येऊन कुकर लावला.

जेवताना तिने चारुदत्तला सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला.

"कमॉन वसुधा. तू बीएस्सी आहेस यार. नानांना आधीच एक स्ट्रोक येऊन गेला होता, बीपी होतं. गाऊनने कुणी मरत नाही."

"गाऊनने मेले असं मी कुठे म्हणते आहे?"

"मग?"

गाऊनने कुणी मरत नाही हे तिलाही कळत होतं. पण तिच्या हातून नानांसाठी जे एकच काम झालं होतं, ज्याच्या आधारावर ती उभी होती, तेच अभद्र निघालं होतं. शेवटची भेट नाही, तिरडीमागून चालणं नाही, तीन दिवसांचं सूतक नाही, आणि होता एक गाऊन तर तोही असा. एवढं सगळं तिने बोलून दाखवलं नाही. भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तिने मालिनीकाकूंना विचारलं, नाना व्हरांड्यात बसले होते तेव्हा गाऊनची कुठली बाजू वर होती. काकूंना ते कुठलं आठवायला. "निळा होता गं. दिसत होते मात्र छान," एवढंच त्या म्हणाल्या. मग लगेच, "का विचारतेस?"

"काही नाही, सहज."

एकनाथला विचारायचं तर फोन करायला हवा होता. फोनकडे पाहत तिने कितीतरी संध्याकाळी घालवल्या. जोवर विचारलं नाही तोवर नक्की नव्हतं. एकनाथ हो म्हणाला, तू सांगितलंस तसाच घालायचे म्हणाला, की कायमचं झालं. पण न विचारता राहणंही जमेना. दुकानात जाता-येता खिडकीतला तो पुतळा दिसायचा, आता डावी बाजू वर घेऊन नीट उभा, आणि तिला वाटायचं, हा बरा, याला कुणीतरी वेळेवर धावत येऊन सावरलं.

शेवटी एका संध्याकाळी तिने नंबर फिरवला. तिकडे सकाळ झाली होती. डॉक्टरांनी खिडकीतून हाक मारलेली तिला ऐकू आली, मग चपलांचा आवाज, मग एकनाथचा धापा टाकणारा श्वास.

"ताई? काय झालं? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. एकनाथ, मला एक सांग. नाना तो गाऊन कसा घालायचे?"

"काय?"

"निळा गाऊन. कुठली बाजू वर घ्यायचे?"

लाइनीत खरखर झाली. एकनाथ आधी गोंधळला आणि मग हसला. वडील गेल्यापासून भाऊ हसलेला तिने पहिल्यांदाच ऐकला.

"अगं, ऐकतात कुठे ते. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, ताई म्हणते उजवी बाजू वर. तर मला म्हणाले, तिला काय कळतंय, पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर असते. चाळीस वर्षं कोट घातलाय मी. एका हाताने धडपडायचे, पण घ्यायचे डावीच वर. मी रोज सांगायचो, ते रोज माझ्यावर खेकसायचे. सुंभ जळला तरी पीळ जाईना."

वसुधाने भिंतीला पाठ टेकली. "रोज?"

"रोज. शेवटच्या दिवसापर्यंत." मग त्याचा आवाज उतरला. "ताई, रागावणार नसशील तर एक सांगू? त्यांना नेताना तोच घातला."

"कुणाला?"

"नानांना. आंघोळ घातल्यावर भटजी म्हणाले कोरं पांढरं कापड, ते तर घेतलंच वरून. पण आत मी तो घातला. धुतलेला होता. भटजी कुरकुरले, मी ऐकलं नाही. म्हटलं, ताई येऊ शकत नाही, तिचं काहीतरी अंगावर असू दे. आणि घालताना म्हटलं, नाना, आता तरी ताईचं ऐका. आता काय ते खेकसणार होते? उजवी बाजू वर घेतली. तू सांगितली होतीस तशी."

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"ताई? ऐकतेयस ना? त्यांना नको होतं तसं, मला ठाऊक आहे. चुकलं का माझं?"

"नाही रे," वसुधा म्हणाली. "बरोबर घातलास. तसाच घालायचा असतो."

पुढे काय बोलणं झालं ते तिला नीट आठवलं नाही. भावजयीची चौकशी केली असेल, थंडीचं विचारलं असेल. फोन ठेवला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या लिनोलियमवर बसली होती, आणि कधी बसली ते तिला कळलं नव्हतं. सुईचा अंमल उतरू लागला की आधी गालाला मुंग्या येतात आणि मग दुखायला लागतं. तिला दुखायला लागलं. हुंदका आला तो पोटातून आला, मग दुसरा, आणि मग तिने आवरायचं सोडून दिलं. नाना गेले होते. डाव्या हाताने लुळे, स्वभावाने हट्टी, तिचे नाना गेले होते, आणि जाताना तिच्या सांगण्याप्रमाणे गाऊन घालून गेले होते.

बाहेरच्या खोलीतून चारुदत्त धावत आला. "काय झालं? वसुधा, काय झालं? कोणाचा फोन होता?"

तिने वर पाहिलं. त्याला काहीच माहीत नाही, अशा आवाजात तिने त्याला सांगितलं.

"नाना गेले रे, चारू."

तो तिथेच उभा राहिला. मग तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि काही न बोलता बसून राहिला, जे त्याने सप्टेंबरातच करायला हवं होतं. बऱ्याच वेळाने वसुधाने पदराने तोंड पुसलं.

"मिसेस ओकादांना फोन कर," ती म्हणाली. "म्हणावं, वडील वारले. तीन दिवस येणार नाही."